मुलाला सोआस स्नायूत ब्लीड झालं होतं. दुखायचं थांबलंय पण पाय सरळ होत नाही, फॅक्टर परत सुरू करायचा का?

कोरेगाव_आई

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुका. मुलगा १४ वर्षांचा, हिमोफिलिया ए म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, सिव्हिअर, रक्त गोठवणारा घटक फॅक्टर ८ एक टक्क्याच्या खाली, वजन ३८ किलो. आठ महिन्यांचा असताना रांगायला लागला आणि गुडघ्यांवर काळेनिळे डाग पडायला लागले तेव्हा कळलं. तेव्हापासून गुडघा, घोटा, कोपर सगळं बघून झालंय, सांधा सुजला की काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण या वेळी जे झालं ते आमच्यासाठी पहिल्यांदाच आहे म्हणून विचारतेय, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज.

१७ दिवसांपूर्वी मामाकडे गेला होता तिथं ऊसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून खाली उडी मारली. पडला नाही, लागलं नाही, कुठं सूज नाही, म्हणून त्यानं सांगितलंच नाही आणि फॅक्टरही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी पोटात खाली उजवीकडे दुखायला लागलं, जांघेत कळ, उलटीसारखं होतंय म्हणाला, उजवा पाय पोटाशी दुमडून एका कुशीवर पडून राहिला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर अपेंडिक्स वाटतंय म्हणाले आणि मी हिमोफिलिया हिमोफिलिया म्हणत असतानाच दुखायचं थांबावं म्हणून कमरेवर इंजेक्शन दिलं. मी त्या वेळी आडवी पडायला पाहिजे होतं, पण पोरगं रडत होतं आणि माझंही डोकं चालेना. तिथून सोनोग्राफीला पाठवलं. सोनोग्राफीच्या मॅडमनी मात्र आधी विचारलं की हा पाय सरळ का करत नाहीये, मी हिमोफिलियाचं कार्ड दाखवलं, मग त्यांनी बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की अपेंडिक्स ठीक आहे, पाठीच्या कण्याजवळून मांडीकडे जाणारा जो सोआस स्नायू असतो त्यात रक्त साठलंय, ९ बाय ५ सेंटीमीटर. हिमोग्लोबिन १२ वरून ८.६ वर आलं होतं. आत एवढं रक्त गेलं आणि वरून एक डागसुद्धा नाही.

ॲडमिट केलं, पहिला डोस २००० युनिट, मग बारा-बारा तासांनी, असे सहा दिवस. दुखणं थांबलं, घरी सोडलं, घरी आल्यावर आणखी दोन दिवस फॅक्टर झाला आणि आता बंद आहे. आज परिस्थिती अशी आहे की दुखत अजिबात नाही, जेवतो, हसतो, पण पाय पूर्ण सरळ होत नाही, उभा राहिला की कमरेत वाकतो आणि उजवी टाच टेकत नाही. मांडीचा पुढचा भाग बधिर आहे म्हणतो, चिमटा काढला तरी नीट कळत नाही, आणि काल उंबरा ओलांडताना गुडघा एकदम लटकला, मी धरला म्हणून वाचला. कमरेवर जिथं इंजेक्शन दिलं होतं तिथंही लिंबाएवढी गाठ आहे.

घरात सासूबाई म्हणतात दुखत नाही ना मग कशाला रोज पोराला टोचता. त्याचे पप्पा म्हणतात डॉक्टरांनी सोडलंय म्हणजे बरं झालंय. मला मात्र मन खातंय. फॅक्टर परत सुरू करायला पाहिजे का, किती दिवस? व्यायाम कधी सुरू करायचा? मांडीची संवेदना आणि ताकद परत येते का? आणि शाळा? नववीत आहे. फॅक्टरसाठी साताऱ्याला जावं लागतं, दर वेळी एसटीनं वीस किलोमीटर त्याला वाकडा बसवून न्यायचं हेही आहेच.

वाळवा_७६

ताई, आधी एकच सांगतो, आज उद्यात परत साताऱ्याला जा आणि फॅक्टर सुरू करून घ्या. दुखायचं थांबलं म्हणजे ब्लीड संपलं असं नसतं, हे मी माझ्या मांडीवर शिकलोय.

मी सांगली जिल्ह्यातला, वय ४९, हिमोफिलिया ए सिव्हिअर. माझ्या लहानपणी फॅक्टर नावाची गोष्ट आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती, प्लाझ्मा चढवायचे नाहीतर क्रायो, म्हणजे प्लाझ्मातूनच काढलेला गोठवणारा भाग, आणि तेही मिरजेला जाऊन रक्तपेढीत असेल तर. त्यामुळे आमची सवयच अशी झाली की कळ थांबली की उठायचं. २२ वर्षांचा असताना जुनी मोटरसायकल किक मारून मारून उजव्या मांडीत ब्लीड झालं. तोवर फॅक्टर मिळायला लागला होता, पण विकत, म्हणून दोन डोस घेतले, दुखणं गेलं, कामाला लागलो. मांडीत आत एक कडक गोळा राहिला. दुखत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. वर्षातून एकदोनदा तिथंच जड वाटायचं, परत एक डोस, परत काम. आठ वर्षांत तो गोळा नारळाएवढा झाला. पँट शिवताना टेलर विचारायचा की एक पाय मोठा का ठेवायचा.

मग एका हॉस्पिटलमध्ये, नाव घेत नाही, गळू समजून त्यात सुई घातली. काळं, चॉकलेटसारखं घट्ट रक्त आलं आणि ते भोक काही बुजेना. पाच आठवडे झिरपत होतं, पुढं त्यात इन्फेक्शन झालं, ताप. मला कुणी तरी वेल्लोरला सीएमसीला जा म्हणून सांगितलं, तिथं एमआरआय झाला आणि पहिल्यांदा तो शब्द ऐकला, स्यूडोट्यूमर. ट्यूमर म्हटल्यावर आईनं तिथंच बसकण मारली. डॉक्टरांनी तिला समजावलं की हा कॅन्सर नाही, जुनं रक्त आहे, त्याभोवती जाड कातडं तयार झालंय आणि आत परत परत थोडं थोडं रक्त जाऊन ते फुगत चाललंय, हाडापर्यंत पोचून हाड कुरतडायला लागलंय. सहा आठवडे रोज फॅक्टर दिला, थोडा आकसला, मग ऑपरेशन करून अख्खा काढला, त्यानंतर परत कित्येक आठवडे फॅक्टर. हिमोफिलिया सोसायटीच्या लोकांनी फॅक्टर जमवून दिला नसता तर ते झालंच नसतं, त्यांचे उपकार मी आयुष्यभर मानतो. आज पाय आहे, चालतो, पण मांडी निम्मी आहे आणि गुडघा ७० अंशाच्या पुढं वाकत नाही.

तुमच्या मुलाचं फक्त १७ दिवस झालेत. ९ सेंटीमीटरचं रक्त आठ दिवसांत विरत नाही हो. सासूबाईंना माझी गोष्ट वाचून दाखवा. त्यांचं चुकतंय असं नाही, टोचताना बघवत नाही कुणालाच, माझी आजीही हेच म्हणायची.

आणि कमरेवरची जी गाठ आहे तिला कुणालाही सुई घालू देऊ नका. कुणालाही.

माणदेशी

ताई काळजी करू नका. आमच्याकडे मुका मार लागला की आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावतात आणि वर तिळाच्या तेलानं हळूहळू चोळतात, साकळलेलं रक्त सुटतं. माझ्या भावाचा पाय असाच आखडला होता तो आठ दिवसांत सरळ झाला. करून बघा.

मिरज_फिजिओ

माणदेशी दादा, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतं, पण या मुलाला चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. तुमच्या भावाचं रक्त गोठत होतं, म्हणून त्याला चालून गेलं. याच्या स्नायूत फुटलेली बारीक शीर फॅक्टरशिवाय बंद होत नाही, वरून चोळलं, गरम लावलं की ती परत सुटते आणि हे सगळं पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला लागून चाललेलं असल्यानं लेप तिथवर पोचतही नाही. कोणी जोर लावून पाय सरळ करून देतो म्हणालं, हाडवैद्य असो नाहीतर आमच्याच व्यवसायातला कुणी, तरी करू द्यायचं नाही. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं मांडीला, पिंढरीला, हाताच्या ब्लीडला उपयोगी पडते, सोआसला तीही फार उपयोगाची नाही, इतका तो खोल आहे.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, हिमोफिलियाची मुलं बरीच बघते. तुम्ही लिहिलेलं वाचून मला गुडघ्याची जास्त काळजी वाटली. सोआसच्या शेजारून मांडीकडे एक मोठी नस जाते, फिमोरल नर्व्ह. रक्त साठलं की ती दाबली जाते, म्हणून मांडीचा पुढचा भाग बधिर आणि गुडघा सरळ धरून ठेवणारा स्नायू ढिला. गुडघा लटकतो तो त्यामुळेच. आता असा लटकत लटकत तो पडला तर गुडघ्यातही ब्लीड होणार आणि पडताना झटक्यानं पाय ताणला तर सोआस परत फुटणार. त्यामुळे डॉक्टरांना विचारून गुडघ्याला पट्टा घ्या, लांब, मागं पट्ट्या असलेला, मेडिकलमध्ये नी इमोबिलायझर म्हणतात त्याला. बाथरूमला जातानाही लावायचा. टॉयलेट कमोडचं करा, खुर्ची ठेवून करा पण उकिडवं बसवू नका, उकिडवं बसून उठताना सोआसवर खूप लोड येतो.

व्यायामाचं असं आहे की पहिले दिवस आम्ही काहीच करत नाही, पाय ज्या कोनात आरामात राहील त्या कोनात गुडघ्याखाली उशा देऊन झोपवतो. कुबड्यासुद्धा देत नाही, लोकांना वाटतं कुबड्या म्हणजे आराम, पण कुबड्या घेऊन पाय अधांतरी उचलून धरायला सोआसच लागतो. दुखणं गेलं आणि फॅक्टर चालू आहे असं झालं की मग एकेक उशी कमी करायची. दोन दिवसांनी एक, घाई नाही. मग गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडी नुसती आवळून धरायची, पाच मोजेपर्यंत, सोडायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पालथं झोपणं. सुरुवातीला पालथं झोपताच येणार नाही, ढुंगण वर राहील, तेव्हा पोटाखाली उशी द्या आणि मोबाइल बघत दहा मिनिटं पडू दे, दिवसातून तीनदा. त्याच्या स्वतःच्या वजनानं जांघ हळूहळू मोकळी होते. आपण दाबायचं नाही. कळ आली की थांबायचं, आणि परत पाय जास्त दुमडायला लागला तर व्यायाम बंद आणि फॅक्टर, त्याच दिवशी.

आणि माझी अट असते की सेशनच्या आधी फॅक्टर झालेला असला पाहिजे. फॅक्टरशिवाय सोआसचा व्यायाम मी घेत नाही. काही पेशंट रागावतात, पण एकदा परत ब्लीड झालं की महिनाभराचं काम पाण्यात जातं आणि मूल परत पाय हलवायला घाबरतं ते वेगळंच.

कोरेगाव_आई

सगळ्यांचे खूप आभार. वाळवा दादा, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या, आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या की उद्या सकाळच्या गाडीनं जा, मी धाकट्याला बघते.

आज गेलो होतो. सोनोग्राफी परत झाली, ७ बाय ४ आहे अजून. फॅक्टर सुरू केलाय. तिथल्या डॉक्टरांनी इनहिबिटरची टेस्टही पाठवलीय. ती कशासाठी, हे विचारायचं राहिलं, मागं ओळीत माणसं होती. आणि पालथं झोपवायचा प्रयत्न केला तर दोन उशा लागल्या पोटाखाली.

कराड_फिजिशियन

इथं मी एरवी फक्त वाचतो, पण या विषयावर लिहिणं गरजेचं वाटलं. मुलाला तपासलेलं नाही त्यामुळे डोस त्यांचेच डॉक्टर ठरवतील, मी फक्त यामागचा हिशोब सांगतो म्हणजे तुम्हाला पुढच्या वेळी काय विचारायचं ते कळेल.

फॅक्टर ८ किलोमागे १ युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वर जाते. मुलगा ३८ किलोचा, पातळी १०० टक्क्यांपर्यंत न्यायची तर १९०० युनिट लागतात, म्हणून त्याला २००० दिले ते अगदी बरोबर होतं. दिलेल्यातला निम्मा ८ ते १२ तासांत संपतो, म्हणून बारा तासांनी परत. हिमोफिलिया बी असेल तर गणित वेगळं, तिथं १ युनिटला १ टक्काच वाढतो पण टिकतो जास्त वेळ. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाची २०२० ची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती तयार करणाऱ्यांत वेल्लोरच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, त्यांत सोआसच्या ब्लीडसाठी पहिले एकदोन दिवस ८० ते १०० टक्के आणि मग तीन ते पाच दिवस ३० ते ६० टक्के अशी पातळी दिलीय. जिथं फॅक्टर कमी मिळतो तिथं यापेक्षा कमी पातळीवर भागवतात, तेही त्यात आहे. पण लोक इथपर्यंतच वाचतात. त्याच ओळीत पुढं लिहिलंय की फिजिओथेरपी चालू असेपर्यंत फॅक्टर आणखी चालू ठेवावा लागू शकतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हाच तुकडा सुटला होता. किती आठवडे, हे कॅलेंडरवर ठरत नाही, सोनोग्राफीवर ठरतं आणि पाय किती सरळ होतो त्यावर. त्यामुळे प्रत्येक वेळी मापं लिहून घ्या, एकाच सेंटरवर, जमलं तर त्याच मॅडमकडून.

सोआस इतका फसवा का, तर तो कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला लागतो आणि त्याच्याभोवती पोटाच्या मागची मोकळी जागा आहे. तिथं लिटरभर रक्त गेलं तरी वरून दिसत नाही. उजवीकडचा असेल तर हुबेहूब अपेंडिक्स. खुब्याच्या सांध्यातल्या ब्लीडपासून ओळखायची एक खूण आहे, पाय मागं सरळ करताना जीव जातो पण दुमडलेला पाय आत-बाहेर फिरवला तर फारसं दुखत नाही, तर सोआस. सांध्यात रक्त असेल तर कसाही हलवला तरी दुखतं. त्या सोनोग्राफीच्या मॅडमनी पाय बघून शंका घेतली ही फार मोठी गोष्ट आहे, नाहीतर फॅक्टर न देता पोट उघडलं गेलं असतं आणि मग काय झालं असतं ते लिहवत नाही.

इनहिबिटरचं. बाहेरून दिलेला फॅक्टर शरीराला परका वाटतो आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते, त्याला इनहिबिटर म्हणतात. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये साधारण ३० टक्के मुलांमध्ये कधी ना कधी तो येतो, बहुतेक वेळा लहानपणी पहिल्या ५० डोसांच्या आतच. पण रक्ताची गाठ अपेक्षेप्रमाणे आकसत नसेल तर कुठल्याही वयात टेस्ट करायचीच, कारण इनहिबिटर असला तर तुम्ही देताय तो फॅक्टर वाया जातो. तुमच्या डॉक्टरांनी न मागता पाठवली, चांगलं केलं.

नसेचं बोलायचं तर बहुतेक मुलांमध्ये ताकद परत येते, मात्र वेळ लागतो, आठवडे नाही, महिने धरा. संवेदना हळूहळू येते, येताना मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं, त्याला घाबरू नका. उलट बधिरपणा वाढायला लागला किंवा कळ परत आली तर मात्र रात्र असली तरी निघा.

वाळवा दादांनी स्यूडोट्यूमरबद्दल लिहिलंय त्यात फक्त एवढीच भर घालतो की जगभरात सिव्हिअर पेशंटपैकी १ ते २ टक्क्यांमध्ये तो दिसत आला आहे आणि नीट फॅक्टर मिळतो तिथं त्याहून कमी, म्हणजे टाळता येणारी गोष्ट आहे ही. सुरुवातीला सापडला तर सहा ते आठ आठवडे फॅक्टर देऊन परत एमआरआय करतात आणि आकसत असेल तर तेच चालू ठेवतात. ऑपरेशन लागलंच तर ते अनुभवी सेंटरमध्येच करायचं. सुई घालून बघणं, बायोप्सी, हे नाही.

कमरेवरच्या गाठीचं तेच, तिचीही सोनोग्राफी करून माप घ्या. आणि कार्डवर लाल पेननं लिहून ठेवा, स्नायूत इंजेक्शन नको. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालतं. अंगदुखीवर म्हणून दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, ते नाही, ॲस्पिरिन तर नाहीच.

पलूस_बहीण

डॉक्टर साहेब, हाताबद्दलही लिहा ना. माझ्या भावाला लहानपणी सुई लावताना शीर फुटली, मनगटाच्या वर हात दगडासारखा कडक झाला, बोटं सरळ केली की किंचाळायचा. आम्हाला वाटलं सूज आहे, उतरेल. दोन दिवस थांबलो. आज त्याची डाव्या हाताची चार बोटं आत वळलेली आहेत, शर्टाची बटणं मी लावून देते अजून, राखी मात्र त्याच हाताला बांधते.

कराड_फिजिशियन

ताई, वाचून वाईट वाटलं. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात आणि पुढं बोटं वळतात ते व्होल्कमन काँट्रॅक्चर. हाताच्या आणि पिंढरीच्या स्नायूंभोवती न ताणणारी पिशवी असते, आत रक्त साठलं की दाब वाढतो, स्नायूला आणि नसांना रक्त मिळत नाही, काही तासांत स्नायू मरायला लागतो. दिसायला जेवढं लागलंय त्यापेक्षा दुखणं फारच जास्त, आपण बोटं सरळ करून दिली की असह्य कळ, मुंग्या, बधिरपणा, हात टणक. यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, मिरज, कराड, कोल्हापूर, जिथं ऑर्थो सर्जन आणि फॅक्टर दोन्ही मिळेल तिथं थेट जायचं, आणि जायच्या आधी घरात फॅक्टर असेल तर तो देऊन निघायचं. वेळेवर फॅक्टर मिळाला तर पुष्कळदा दाब उतरतो, नाही उतरला तर पिशवी उघडावी लागते, तेही फॅक्टर देऊनच. भावाला हँड सर्जनला एकदा दाखवलंय का? वळलेल्या बोटांसाठीही नंतर काही करता येतं, पूर्वीसारखा हात होईल असं सांगत नाही, पण बटण लावण्याइतकी पकड येऊ शकते कधी कधी.

तासगाव_दोन_मुलं

कोरेगाव ताई, माझ्या मोठ्याला इनहिबिटर आहे म्हणून लिहिते. रिपोर्ट यायच्या आधीच रात्र रात्र जागू नका. समजा आलाच पॉझिटिव्ह तरी इलाज आहे. जास्त टायटर, म्हणजे रक्तात इनहिबिटरचं प्रमाण जास्त असेल तर फॅक्टर ८ ऐवजी बायपास करणारी औषधं देतात, फॅक्टर ७ ए किंवा फीबा. सातवा फॅक्टर दर दोन तासांनी द्यायला लागतो सुरुवातीला, त्या रात्री मी गजर लावून बसायचे. माझा मुलगा आता एमिसिझुमॅबवर आहे, ते पोटाच्या कातडीखाली देतात, शीर शोधावी लागत नाही, आणि दीड वर्षात स्नायूचं मोठं ब्लीड झालेलं नाही. ते भारतात २०१९ पासून मिळतंय. पण दोन गोष्टी. ते ब्लीड होऊ नये म्हणून आहे, झालेलं ब्लीड त्यानं थांबत नाही. आणि ते चालू असताना फीबा द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ठळक सांगायचं, दोन्ही मिळून जास्त डोस झाला तर रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. तसंच एपीटीटी ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी त्या औषधावर नॉर्मल दिसते, मग नवीन डॉक्टरला वाटतं मुलाला काही आजारच नाही. आम्ही हे सगळं एका कागदावर लिहून लॅमिनेट करून दप्तरात ठेवलंय, एक प्रत रिक्षावाल्या काकांकडेही आहे.

शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात हिमोफिलिया आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. मी मुख्याध्यापकांना अर्ज देऊन वर्ग तळमजल्यावर करून घेतला, सरांनी दुसऱ्या दिवशी बाकही बदलून दिलं.

मिरज_फिजिओ

शाळा इतक्यात नको ताई, पालथं झोपून उशी निघाली आणि गुडघा पट्ट्याशिवाय धरला की मग. तोवर वह्या घरी मागवा.

कोरेगाव_आई

उशीर झाला लिहायला. आज ३८ वा दिवस.

इनहिबिटर निगेटिव्ह आला. त्या दिवशी एसटी स्टँडवर रिपोर्ट वाचला आणि मी आणि त्याचे पप्पा दोघंही तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो, दोन गाड्या गेल्या समोरून. फॅक्टर आता एक दिवसाआड चालू आहे, फिजिओच्या दिवशी आधी. सोनोग्राफीत ३.५ बाय २. कमरेवरची गाठ जवळजवळ गेली, हाताला लागत नाही आता.

पालथं झोपताना पहिल्या आठवड्यात दोन उशा, मग एक, आता सासूबाईंची घडी केलेली चादर. त्या स्वतः घड्याळ घेऊन बसतात शेजारी, दहा मिनिटं झाल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि फॅक्टरच्या दिवशी सकाळी त्याला आधी पाणी पाजतात, शीर चांगली दिसते म्हणून, हे त्यांनीच कुठून तरी शोधून काढलंय. टाच टेकते. चालताना अजून थोडा वाकतो. गुडघ्याला पट्टा आहेच, पण पाय लांब करून बसवला आणि मांडी आवळ म्हटलं की गुडघ्याची वाटी हलताना दिसते, दोन आठवड्यांपूर्वी काहीच हलत नव्हतं. मांडीत मुंग्या येतात म्हणतो, रात्री जास्त. डॉक्टर साहेबांनी आधीच लिहिलं होतं म्हणून घाबरले नाही.

त्यानं स्वतःच एक गोष्ट कबूल केली काल. ट्रॉलीतून उडी मारली तेव्हाच जांघेत काहीतरी चटकन झालं होतं, पण सांगितलं तर मामाकडून लगेच घरी आणाल म्हणून गप्प बसला. मी रागावले नाही. त्याच्या दप्तरात आता एक छोटी वही आहे, कुठं काय झालं, किती वाजता, ते तो स्वतः लिहितो.

मिरजेच्या ताई, एक विचारायचं राहिलं. जिना चढताना आधी कुठला पाय टाकायचा? आमच्या घराला सात पायऱ्या आहेत आणि तो आज दुपारी विचारत होता.

मिरज_फिजिओ

चढताना आधी चांगला पाय, म्हणजे डावा. उतरताना आधी उजवा. एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे त्याच्या खालच्या पायरीवर, तुम्ही. पट्टा लावून, आणि फॅक्टर झालेल्या दिवशी पहिल्यांदा.